हक्क मुलाचा, काम कोणाचं?

(एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

पत्रिकेवर माझा विषय ‘बालहक्क : कायदा आणि वास्तव’ असा छापला आहे. असा विषय मिळाला की वक्त्याचं काम सोपं होतं. कायदा किती छान आहे हे अर्धा तास सांगायचं, वास्तव किती वाईट आहे हे अर्धा तास सांगायचं, मग चहा. मला तसं करायचं नाही, कारण सगळे कायदे एकाच मापाचे नाहीत. काही कलमं खरोखर चालतात. काही कलमं जन्मल्यापासून अंथरुणाला खिळलेली आहेत. आणि यातलं कोणतं चालणार, हे बऱ्याचदा कलम वाचतानाच कळतं.

मी वकिली करते, आणि काही वर्षं एका जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर होते. तिथे एक सवय लागली. मुलांबद्दलचं कुठलंही कलम समोर आलं की मी तीन गोष्टी शोधते. हे काम नेमकं कोणी करायचं? किती वेळात? आणि त्यानं नाही केलं तर त्याला कोण विचारणार? तिन्हींची उत्तरं सापडली तर कलमात जीव आहे. ‘शासन योग्य ती उपाययोजना करील’ असं सापडलं, तर मी पान उलटते.

आता शंभर वर्षं मागे चला. कोल्हापूर संस्थानात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्याआधी बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचा प्रयोग करून १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला होता. ब्रिटिश मुलखात मात्र गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात जे विधेयक आणलं, त्यातली मागणी फार माफक होती. ज्या स्थानिक संस्थांची तयारी असेल त्यांना आपल्या हद्दीत सक्ती करायची मुभा द्या, एवढंच. तेसुद्धा १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सरकारी सभासद विरोधात जाणार हे ठरलेलंच होतं. त्यांच्या जोडीला आपले काही जमीनदारही गेले. शेतात ढोरं कोण राखणार, हा प्रश्न त्यांना गोखल्यांपेक्षा जास्त जवळचा होता.

शाहू महाराजांच्या हुकमात सक्ती कोणावर होती? बापावर. चुकला तर रुपया भरायचा. आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा उघडा. आठव्या कलमात सक्तीचं शिक्षण म्हणजे काय याचा खुलासा केला आहे : मुलाचा प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होणं, हे घडवून आणण्याची सक्ती सरकारवर. पालकाचं कर्तव्य दहाव्या कलमात एका वाक्यात येतं, आणि त्याला दंड ठेवलेला नाही. म्हणजे नव्वद वर्षांत सक्ती बापाच्या मानेवरून उतरून सरकारच्या मानेवर बसली. माझ्या मते आपल्याकडच्या बालहक्कांच्या कायद्यांतला हा सगळ्यात मोठा पालट आहे, आणि त्याचा गाजावाजा फारसा झाला नाही.

हा पालट व्हायला उशीर किती लागला तेही पाहा. घटनेच्या पंचेचाळिसाव्या कलमानं सांगितलं होतं की चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य दहा वर्षांत प्रयत्न करील. म्हणजे १९६० ची मुदत. पण हे मार्गदर्शक तत्त्व होतं, कोर्टात जाऊन मागता येणारं नव्हतं. माझे तीन प्रश्न इथे लावून बघा. कोणी करायचं? राज्यानं. किती वेळात? दहा वर्षांत. कोण विचारणार? कोणीच नाही. मग १९६० आलं आणि गेलं. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा मूलभूत हक्क आहे असं म्हटलं, २००२ साली शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनं कलम २१-क आलं, २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दहा वर्षांची मुदत साठ वर्षांनी पाळली गेली. तीही सहा ते चौदा वयापुरती. सहाच्या आतलं मूल पुन्हा ‘प्रयत्न करील’च्या रांगेत जाऊन बसलं. आज अंगणवाडी ज्या अवस्थेत आहे त्याचं मूळ या एका वाक्यात आहे, असं मला वाटतं.

मधल्या काळात जगात एक गोष्ट झाली. २० नोव्हेंबर १९८९ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्क संहिता मंजूर केली. भारत ११ डिसेंबर १९९२ ला तिच्यात सामील झाला. (अमेरिकेनं सही केली आहे, पण मान्यता अजून दिलेली नाही. हे ऐकून बऱ्याच लोकांना धक्का बसतो.) आपण सामील होताना बालमजुरीच्या बत्तिसाव्या कलमापुढे एक निवेदन जोडलं : आमच्यासारख्या देशात सगळ्या प्रकारच्या कामांना किमान वयाची अट ताबडतोब लावणं व्यवहार्य नाही, आम्ही टप्प्याटप्प्यानं करू. प्रामाणिक निवेदन होतं. पण ‘टप्प्याटप्प्यानं’ म्हणजे कधी, हे त्यात नव्हतं.

आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करारावर सही झाली म्हणून तो आपोआप कायदा होत नाही. घटनेच्या २५३ व्या कलमाखाली संसदेनं तसा कायदा करावा लागतो. तसे कायदे होत गेले. २००० साली बाल न्याय कायदा, २००५ साली बालहक्क आयोगांचा, २००६ साली बालविवाह प्रतिबंधक, २००९ चा शिक्षणाचा, २०१२ चा पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा), २०१५ साली नवा बाल न्याय कायदा. पण संसदेचा कायदा ही पहिली पायरी. मग राज्य नियम करतं, मग शासन निर्णय निघतो, मग आयुक्तालयाचं परिपत्रक, मग जिल्ह्याचं पत्र, आणि शेवटी ते पत्र एका माणसाच्या टेबलावर येतं, जिथे आधीच त्या आठवड्याची आणखी वीस पत्रं पडलेली असतात. मुलाचा हक्क त्या टेबलावर ठरतो.

आणि वाटेत नियमानं कायदा खाल्ला असंही होतं. शिक्षण हक्क कायद्यात विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिलीच्या प्रवेशात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आहेत. तुमच्यापैकी काहींनी त्याचे ऑनलाइन अर्ज भरले असतील, लॉटरीच्या मेसेजची वाट पाहिली असेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनं नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही अट नाही. शहरात एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही अशी जागा शोधून दाखवा! म्हणजे संसदेनं दिलेला प्रवेश राज्याच्या नियमानं जवळपास बंद. पालक उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात स्थगिती मिळाली, जुलैमध्ये न्यायालयानं तो नियम रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घातला नाही. हक्क वाचला. पण ते वर्ष पाहा. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या होत्या. पहिलीचं पोर जुलैअखेर घरी बसून होतं.

खासगी शाळांची तक्रारही ऐकून घ्यायला हवी, तीही खोटी नाही. या मुलांची फी सरकारनं शाळेला द्यायची असते आणि ती वर्षानुवर्षं थकते. पुन्हा तोच घोळ : मुलाला प्रवेश द्यायला शाळेला तारीख आहे, शाळेला पैसे द्यायला सरकारला कोणी तारीख लावून विचारत नाही.

आता चालणाऱ्या कलमाकडे येते. बाल न्याय कायद्यात एक घड्याळ बसवलेलं आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल कोणालाही सापडलं, पोलिसाला, स्टेशन मास्तरला, शिक्षकाला, तुम्हाला, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत ते बालकल्याण समितीसमोर आणायचं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री. समिती बसलेली नसेल तर एकट्या सदस्याच्या घरीही मूल आणता येतं. रविवार, दिवाळी, काही अडचण नाही. हे कलम चालतं. शंभर टक्के चालतं असं म्हणणार नाही, पण माझ्या काळात रात्री साडेदहाला दारात रेल्वे पोलिसांचा हवालदार, त्याच्या हाताला धरलेलं नऊ-दहा वर्षांचं पोर, हे नेहमीचं होतं. पोलिसांनी मुलासमोर गणवेशात यायचं नाही असाही नियम आहे. हवालदार तो पाळत. वर चौकड्याचा शर्ट, खाली खाकी पँट आणि तपकिरी बूट. पोरं फसत नसत. एकानं मला विचारलं होतं, ‘हे काका पोलीस आहेत ना, मग शर्ट का बदललाय?’

घड्याळ का चालतं? कारण उशीर झाला तर तो कागदावर दिसतो. मूल सापडल्याची वेळ आणि समितीसमोर आणल्याची वेळ, दोन्ही फॉर्मवर लिहावी लागतात. हवालदाराला ठाऊक असतं की सव्वीस तास दिसले तर समिती त्याच्या साहेबाला पत्र पाठवते. बालहक्काचं मोठं तत्त्वज्ञान त्याला शिकवायची गरज पडली नाही.

त्याच कायद्यात पुढे मात्र ढिलाई आहे. चौकशी चार महिन्यांत पूर्ण करा म्हटलंय, समिती महिन्यातून किमान वीस दिवस बसली पाहिजे म्हटलंय. आणि समितीच नेमलेली नसेल तर? सदस्यांची मुदत तीन वर्षांची. मुदत संपते, नवी निवड लांबते, शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे कार्यभार जातो. मग चोवीस तासांचं घड्याळ दीडशे किलोमीटरवर जाऊन थांबतं. पोलिसाला चोवीस तास. समिती नेमणाऱ्याला मोकळा हात.

या कामात मुंबईचा मोठा वाटा आहे, तो जाता जाता सांगते. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून उभी राहिली. रस्त्यावरच्या मुलांना रात्रीअपरात्री पोलीस स्टेशन सोडून दुसरीकडे कुठे तरी फोन करता यावा, एवढ्या गरजेतून. पुढे ती देशभर गेली, आणि आता ती सरकारनं स्वतःकडे घेऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली आहे. जोडणी चांगली की वाईट यावर आमच्या क्षेत्रात वाद आहे. मला एवढंच दिसतं की पूर्वी फोन उचलणाऱ्याला मुलाचं बोलणं लांबवायची सवय होती. आपत्कालीन यंत्रणेला बोलणं आटोपायची सवय असते.

आणि गोवा. गोव्यानं २००३ सालीच स्वतःचा बाल कायदा केला, पॉक्सोच्या नऊ वर्षं आधी, आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळं बाल न्यायालयही नेमलं. पर्यटनातून होणारं मुलांचं शोषण हे त्याचं कारण होतं. त्यातली कलमं मला फार आवडतात, कारण ती माणसाच्या नावानं बोलतात. हॉटेलात मूल कोणाबरोबर खोलीत जातंय याची जबाबदारी हॉटेलच्या मॅनेजरवर : आईवडील किंवा नातेवाईक यांच्यासोबत नोंद नसेल तर मुलाला खोलीत जाऊ द्यायचं नाही. फोटो धुणाऱ्या स्टुडिओवाल्याला रोलमध्ये मुलांची अश्लील छायाचित्रं दिसली तर त्यानं जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं. फिल्म रोल गेले, ते कलम आता जुनं झालं. पण विचार करण्याची पद्धत बघा. गुन्हा जिथून जातो त्या वाटेवर कोण उभा आहे, हे आधी शोधलं आणि मग कलम लिहिलं.

आता आपल्या दाराशी येऊ. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरचे साखर कारखान्यावर ऊसतोडीला जाऊन आलेले असतील. दिवाळी झाली की मराठवाड्यातून, नगरच्या पूर्वेकडच्या तालुक्यांतून टोळ्या निघतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता, उचलही अर्धी. फडात बाप ऊस तोडतो, आई मोळ्या बांधते, आणि दहा-बारा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी टाकते, दुपारी वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करून आणते. ती शाळेत जात नाही. ती बालमजूर आहे का?

१९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी. मात्र शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, धोकादायक नसेल अशा कामात, कुटुंबाला मदत केली तर चालेल. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, आपण आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे दोन्ही करारही मान्य केले, एक किमान वयाचा आणि दुसरा बालमजुरीच्या सगळ्यात वाईट प्रकारांविरुद्धचा. कागद भक्कम झाला. आता फडात या. कामगार अधिकारी आला, तर बाप म्हणतो, साहेब, घरचं काम करतीय. मुकादम म्हणतो, मी उचल जोडप्याला दिली, पोरीला कुठे कामावर ठेवलंय? वाहतूक ठेकेदार म्हणतो, माझा करार मुकादमाशी. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगारच नाहीत, तोडणी-वाहतूक हा ठेकेदाराचा विषय. चौघंही खोटं बोलत नाहीत. ज्या उसाच्या साखरेवर कारखान्याच्या गेटावर लाखोंची उलाढाल होते, त्याच उसाच्या फडातल्या मुलीचा मालक कोणीच नाही, आणि मालक नसेल तर गुन्हाही नाही. तो कायदा मालकाला धरायला लिहिला आहे. इथे मालकच वाफ होऊन जातो.

मग शाळेकडून तरी धरता येईल का? तिकडे थोडं काम झालं आहे. गावातच हंगामी वसतिगृहं झाली, म्हणजे आईबाप गेले तरी मूल आजी-आजोबांकडे राहील, जेवायला वसतिगृहात. स्थलांतराच्या गावी जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक द्यायचं, म्हणजे तिकडच्या शाळेनं दाखला न मागता त्याला बसवून घ्यायचं. कल्पना चांगल्या आहेत. काही ठिकाणी शिक्षकांनी जीव ओतून त्या राबवल्या, आणि त्यांचं नाव कुठे छापून येत नाही. पण वसतिगृहाची मंजुरी पुष्कळदा टोळ्या निघून गेल्यावर येते. गाडीत भांडी चढली की पोरं चढतात, मंजुरीसाठी कोणी थांबत नाही.

मोजणीची गंमत सांगते. ४ जुलै २०१५ ला राज्यात एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची, मतदानासारखी. स्टेशनवर, वीटभट्टीवर, सगळीकडे शिक्षक धावले. पण जुलैमध्ये ऊसतोड कामगार असतो कुठे? आपल्या गावी. पोर हजेरीपटावर, शाळेत, खिचडीच्या रांगेत. त्या दिवशी ते शाळाबाह्य नव्हतंच. हीच मोजणी जानेवारीत केली असती तर आकडा वेगळा आला असता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तारीख ठरवणाऱ्याला गळीत हंगाम कधी असतो हे ठाऊक नव्हतं, किंवा चांगलंच ठाऊक होतं.

आता या कोयत्याला दुसरं टोक जोडा. अर्ध्या कोयत्याला अर्धी उचल. मुलगा अठरा-एकोणीसचा झाला, टोळीत जायचंय, तर त्याला बायको हवी. आणि मुलगी चौदा-पंधराची झाली, आईबाप सहा महिने फडावर, तिला गावात एकटं ठेवायची भीती, बरोबर न्यायची त्याहून जास्त भीती. दोन्ही घरांचं गणित एका जागी जुळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या देशात २३.३ टक्के निघाल्या, महाराष्ट्रात २१.९. बीड आणि परभणीत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर. प्रगत महाराष्ट्र देशाच्या सरासरीच्या जेमतेम दीड पाऊल पुढे!

या प्रश्नावर कायदे करायला आपण सव्वाशे वर्षांपूर्वीच सुरुवात केली. १८९१ चा संमतिवयाचा कायदा : वय दहावरून बारा. त्यावर पुण्यात केवढं रण पेटलं होतं, ते तुम्ही वाचलेलं आहे. टिळक कोणत्या बाजूला होते तेही. मग १९२९ चा सारडा कायदा : मुलगी चौदा, मुलगा अठरा. आणि आताचा २००६ चा. या कायद्यात बालविवाह प्रतिबंध अधिकारी नेमायचा असतो. महाराष्ट्रात ग्रामीण भागात हा अधिकारी कोण? ग्रामसेवक. त्याच्या मदतीला अंगणवाडी सेविका.

वरवर पाहता माझे तिन्ही प्रश्न सुटले. माणूस ठरला, गावातलाच ठरला, अधिकार मिळाला. लग्न होणार असल्याची खबर मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम आणायचा, आणि मनाई असताना लग्न लागलं तर ते मुळातच रद्दबातल. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एवढं सगळं असून ते चालत का नाही?

ग्रामसेवकाच्या जागी उभं राहून पाहा. त्याला फोन येतो, उद्या सकाळी अमक्याच्या घरी लग्न आहे, मुलगी नववीत आहे. घर सरपंचाच्या भावकीतलं. ग्रामसेवकाचे दाखले, ठराव, घरपट्टीची वसुली, घरकुलाच्या याद्या, सगळं त्या सरपंचाच्या सहीवर आणि त्या भावकीच्या मर्जीवर. त्याला उद्याही याच गावात यायचंय, याच ओट्यावर बसायचंय. तो काय करतो? तो फोन करतो. ‘दादा, वर तक्रार गेलीय, जरा बघा.’ लग्न रद्द होत नाही, वस्तीवर हलतं. सकाळी साडेदहाचा मुहूर्त पहाटे साडेचारला उरकतो. पोलीस येतात तेव्हा मांडव असतो, नवरी नसते. ग्रामसेवक अहवाल लिहितो : ‘समक्ष भेट दिली असता असा कोणताही विवाह आढळून आला नाही.’ वाक्य खरं आहे.

मी त्याला भित्रा म्हणणार नाही. कायद्यानं हे ओझं अशा माणसावर टाकलं, ज्याला ते उचलण्याची किंमत रोज मोजावी लागते आणि न उचलण्याची किंमत कधीच मोजावी लागत नाही. अंगणवाडी सेविकेचं तर त्याहून कठीण. ती त्याच गावची सून असते.

जिथे लग्नं थांबली, ती कशी थांबली? मी पाहिलेल्या प्रकरणांत बऱ्याचदा खबर मुलीकडून किंवा तिच्या मैत्रिणीकडून आली, १०९८ वर. ती जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात गेली, तिथून बाहेरचा माणूस, बाहेरची गाडी आली. शाळेचा निर्गम उतारा आधीच हातात होता, कारण वयाचा वाद निघाला की बाल न्याय कायद्यानुसार पहिला मान शाळेच्या जन्मतारखेला, मग ग्रामपंचायत-नगरपालिकेच्या जन्मदाखल्याला, आणि हे काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणीला. आधार कार्ड पुढे करणारे मामा मग गप्प होतात. मुलीला समितीसमोर आणायचं, आईबापाकडून हमीपत्र घ्यायचं. आणि पुढे? हमीपत्र घेऊन मुलगी त्याच घरात परत जाते. सहा महिन्यांनी ती कुठे आहे, हे बघायला कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. काही जणी दहावीला बसल्या. काहींचं लग्न दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन लावलं.

पॉक्सोबद्दल थोडक्यात बोलते, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून तो लागू झाला. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय घ्यायचा. कोर्टात आरोपी मुलाच्या नजरेसमोर येऊ द्यायचा नाही. साक्ष तीस दिवसांत, खटला शक्यतो वर्षात. मुलाच्या बाजूनं विचार करून लिहिलेला कायदा आहे. पण त्यात गुन्हा कळवण्याची सक्ती सगळ्यांवर आहे, डॉक्टरवरही. आता सोळा वर्षांची विवाहित मुलगी गरोदर राहून प्राथमिक आरोग्य केंद्रात आली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अठराखालच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच. मला तो निकाल योग्य वाटतो. पण केंद्रातल्या डॉक्टरनं कळवलं की नवरा आत, आणि हे आता गावागावांत ठाऊक झालंय. म्हणून मुलगी केंद्रात येत नाही, किंवा येते आणि वय एकोणीस सांगते. तिच्या रक्षणासाठी घातलेली सक्ती तिला दवाखान्याच्या दारातून परत पाठवते. २०२२ साली गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं थोडी वाट काढली : मुलीची आणि पालकाची विनंती असेल तर डॉक्टरनं कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. बाळंतपणासाठी येणाऱ्या मुलीचं काय, याचं उत्तर अजून मोकळंच आहे, आणि माझ्याकडेही तयार उत्तर नाही.

शेवटी एक बातमी, जी तुमच्यापर्यंत कदाचित पोचली नसेल. १८ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं बालविवाहाबाबत सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांतली एक माझ्या आजच्या बोलण्याशी थेट जुळते. जिल्हा पातळीवर बालविवाह प्रतिबंध अधिकारी असा नेमा, ज्याच्याकडे फक्त हेच काम असेल, इतर कामांचा भार नसेल. म्हणजे घरपट्टी आणि घरकुलं सांभाळून, सरपंचाचा शब्द झेलून उरलेल्या वेळात मुलींची लग्नं थांबवणं, हे चालणार नाही असं न्यायालयालाही वाटलं.

तुमच्या जिल्ह्यात असा अधिकारी नेमला आहे का, हे महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करून विचारता येतं. गावपातळीवर सरपंचाच्या अध्यक्षतेखाली बाल संरक्षण समिती असते. तिची शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठे आहे, हे येत्या ग्रामसभेत विचारता येतं. ग्रामसभेचा ठराव लिहायला तिथे कोण बसलेला असतो, हे तुम्हाला माहीतच आहे. त्याच्याशी बोलताना जरा समजून घेऊन बोला, पण उत्तर लेखी मागा.

माझा वेळ संपला आहे. मागच्या रांगेतल्या शिक्षक मंडळींनी मघापासून हात वर केलेला दिसतोय. माइक आधी त्यांच्याकडे द्या.